पीएचडीसाठी कर्ज कशाला?

महोदय,

रविवारच्या पुरवणीत परदेशी शिक्षणाच्या कर्जावरचा लेख वाचला, त्यात मास्टर्स आणि पीएचडी एकाच तराजूत तोललंय ते पटलं नाही. हवामानशास्त्रात पीएचडी करायची तर नेदरलँड्स, नॉर्वे, स्वीडनमध्ये ती बहुतेक वेळा पगारी नोकरीच असते, विद्यापीठ जाहिरात काढतं, इंटरव्ह्यू होतो, आणि अमेरिकेतही बऱ्याच ठिकाणी फी माफ होऊन वर स्टायपेंड मिळतो, मग घर गहाण कशासाठी ठेवायचं? आमच्या नवी मुंबईत फिजिक्स, मॅथ्समध्ये एमएस्सी झालेली कितीतरी मुलं आहेत, त्यांना कोणी सांगतच नाही की हवामानशास्त्राच्या पीएचडीला हेच विषय लागतात, जोडीला प्रोग्रॅमिंग हवं. खर्च आहे तो अर्ज, इंग्रजीची परीक्षा, व्हिसा, तिकीट आणि तिथल्या घराचं डिपॉझिट यांचा, तो कमी नाही, पण मास्टर्सच्या फीपुढे काहीच नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस पडला, तसा पाऊस आधी कसा ओळखायचा हा प्रश्न इथल्याच मुलांनी हातात घ्यावा असं मला मनापासून वाटतं, मग ती पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत जावोत की परदेशात. पुढच्या लेखात हा फरक जरूर छापा.

एक पालक, वाशी