मा. ऊर्जामंत्री, लाईन कुठून जाणार ते आधी सांगा

मा. ऊर्जामंत्री महोदय,
स. न. वि. वि.

मी कळंब तालुक्यातला शेतकरी. आमच्या धाराशिव जिल्ह्यात पवनचक्क्या आल्या, आता सोलरही येतंय. तयार झालेली वीज न्यायला तारा लागणारच. लाईनच नको, असं म्हणायला हे पत्र नाही.

माझ्या चुलतभावानं पाच वर्षांपूर्वी केशर आंबा लावला. ठिबक, शेततळं, सोसायटीचं कर्ज. पहिला मोहर आला आणि दुर्बीण घेऊन सर्व्हेवाले बांधावर हजर. लाईन नेमकी बागेवरून. 400 केव्हीच्या लाईनला 46 मीटरचा पट्टा लागतो. त्यात घर चालत नाही, उंच झाड चालत नाही. सोयाबीन, हरभरा चालतो. लागवडीआधी कळलं असतं तर त्या पट्ट्यात त्यानं तेच पेरलं असतं, आंबा पलीकडच्या तुकड्यात लावला असता.

जून 2024 च्या केंद्राच्या सूचनांत टॉवरखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या 200 टक्के, तारेखालच्या पट्ट्याला 30 टक्के मोबदला सांगितलाय. बरं झालं. पण बागेची पाच वर्षं त्यात बसत नाहीत.

सातबाऱ्याचंही बघा. सोसायटीचा बोजा इतर हक्कात लगेच चढतो. लाईनसाठी मात्र जमीन संपादित होत नाही, वीज कायद्याच्या कलम 164 खालच्या अधिकारातून टॉवर उभा राहतो. भावाच्या उताऱ्यावर तारेचा एक शब्द नाही. उद्या कुणी ती जमीन एनए प्लॉटसाठी घेतली तर त्यानं मान वर करूनच बघायचं!

कोणतं सबस्टेशन कशाला जोडायचं, हे काही आदल्या रात्री ठरत नाही. 2030 पर्यंत कोळसा-तेलाशिवायच्या 500 गिगावॉट विजेचं ध्येय आहे; ती वाहून नेणाऱ्या लाईनींचा आराखडा केंद्रीय विद्युत प्राधिकरणानं डिसेंबर 2022 मध्येच मांडला. मग संभाव्य पट्टे गट नंबरनिशी ग्रामपंचायतीत का लागू नयेत? प्लॉटिंगला परवानगी देताना ते का बघू नयेत? जुन्या लाईनीशेजारून नवी नेता येते का, हेही तेव्हाच तपासता येईल.

अधिकारी म्हणतील, आधी सांगितलं तर दलाल जमिनी घेतील, मोबदल्यासाठी रातोरात शेड उभे राहतील. शेडचा इलाज सोपा आहे: नकाशा लागला त्या दिवशीचा पंचनामा धरा. आणि दलालाला आजही आधीच कळतं. कळत नाही ते आम्हाला.

मलाही दीड एकर आंबा लावायचाय. मे महिन्यात खड्डे घ्यायचेत. त्याआधी माझा गट पट्ट्यात येतो की नाही, एवढं कळवावं.

आपला,
कळंब तालुक्यातला एक शेतकरी