गुडघ्याचं सोडून लिहायचं ठरवलंय

बाळ्या,

रविवारी रात्री तू बॅग उचलून न जेवता स्टँडवर गेलास, तुझा डबा तसाच कट्ट्यावर राहिला. आई अजून माझ्याशी धड बोलत नाही. फोन उचलत नाहीस म्हणून हे टाईप करतोय, एवढं लांब लिहायची मला सवय नाही, चुकलंमाकलं समजून घे. गुडघ्याचा विषय काढणार नाही असं आईला कबूल करून बसलोय.

भांडण लागलं ते तालमीच्या फुटबॉल टीमची फायनल खेळू नको म्हणालो म्हणून, पण वाढलं ते तू पुयोलचं, तुझ्या त्या स्पेनच्या बॅकचं, नाव घेतलंस तिथून. "पुयोल असता तर फायनल सोडून घरात बसला असता का" म्हणालास आणि मला पटकन उत्तर सुचलं नाही, म्हणून मी आवाज चढवला. ते चुकलंच माझं. पण दोन दिवस फाउंड्रीत भट्टीसमोर उभा राहून डोक्यात तेच फिरतंय.

तुला त्याचं वेड लागलं ती रात्र मला मिनिटामिनिटाला आठवते. २०१० ची सेमीफायनल, स्पेन-जर्मनी, मॅच तिकडे डर्बनला आणि आपल्याकडे रात्रीचे बारा. बाहेर पाऊस, आजी आतल्या खोलीत म्हणून टीव्हीचा आवाज बंद, तू पाचवीत, गोधडी पांघरून माझ्या मांडीला टेकलेला. ७३ वं मिनिट, झावीचा कॉर्नर आला आणि पुयोल लांबून केस उडवत धावत आला, स्वतःच्याच टीममधल्या पिकेच्या वर उडी मारून असं डोकं घातलं की जर्मनीच्या कीपरला, नॉयरला, काही करताच आलं नाही. उंची फक्त १७८ सेंटीमीटर आणि समोर सगळे जर्मन ताडमाड. तू गोधडीचा बोळा तोंडात कोंबून ओरडलास, आजी उठायची ती उठलीच. एक-शून्य, स्पेन पहिल्यांदा वर्ल्डकपच्या फायनलला, आणि चार दिवसांनी कप पण.

त्यानंतर पेठेतली सगळी पोरं मेस्सीचा १० नंबर मागत होती आणि तुला ५ पाहिजे होता. कुठल्याच दुकानात मिळाला नाही, मग आईनं निळ्या-लाल टीशर्टवर पिवळ्या कापडाचा ५ शिवून दिला. टीशर्ट फाटला पण तो ५ तिनं उसवून मशीनच्या खणात ठेवलाय, तुला माहीत नसेल.

मला खरं तेव्हा वाईट वाटायचं की पोरगं बॅकला का खेळतंय, गोल मारणाऱ्याला पोरं खांद्यावर घेतात, बॅकवाल्याचं नाव गोल बसल्यावरच निघतं. मग एकदा शाहू स्टेडियमवर माझ्या मागे बसलेले दोघं बोलताना ऐकलं, "मागं ते पोरगं हाय न्हवं, मग कशाला घाबरतोस." तुझ्याबद्दल बोलत होते. मी वळून सांगितलं नाही की माझा आहे. तसाच बसलो, पण मॅचमध्ये पुढं काय झालं काही कळलं नाही बघ.

आता पुयोलचं. तुझ्यामुळेच माझं सगळं पाठ झालंय. स्पेनमधल्या पिरेनीज डोंगराच्या पायथ्याचं ला पोब्ला दे सेगुर, दोन-तीन हजार वस्तीचं गाव. लहानपणी हा गोलकीपर होता, खांद्याचा त्रास झाला म्हणून बाहेर येऊन खेळायला लागला. १७ व्या वर्षी १९९५ ला बार्सिलोना क्लबच्या ॲकॅडमीत, ला मासियात. कोच व्हान गालने २ ऑक्टोबर १९९९ ला पहिली मॅच दिली. दुसऱ्या वर्षी बार्सिलोना सोडून रियालला गेलेला फिगो बार्सिलोनाच्या मैदानावर, कॅम्प नोऊवर, खेळायला आला तेव्हा सगळं स्टेडियम शिट्ट्या मारत होतं आणि या पोराने त्याला हलू दिलं नाही. मग २००४ पासून शेवटपर्यंत कॅप्टन. ५९३ मॅचेस, एकच क्लब, तीन चॅम्पियन्स लीग. आणि २०११ ला लंडनच्या वेम्ब्लीत चॅम्पियन्स लीगचा कप घ्यायची वेळ आली तेव्हा दंडावरची कॅप्टनची पट्टी काढून टीममधल्या अबिदालला बांधली, ज्याच्या लिव्हरच्या गाठीचं ऑपरेशन दोनच महिन्यांपूर्वी झालेलं, आणि कप त्याला उचलायला लावला. ते बघून तुझ्या आईचे डोळे भरले होते आणि तिला ऑफसाईड अजून कळत नाही.

हे सगळं तू सांगतोस. पण बाळ्या, गुडघ्याचं तू कधीच सांगत नाहीस.

बघ, आलोच त्याच्यावर. २०११ ला गुडघ्याचं ऑपरेशन. २०१२ ला परत, युरो कप हुकला. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला, पहिल्या मॅचला बरोबर तेरा वर्षं झालेली, लिस्बनला कॉर्नरवर उडी मारली आणि हातावर पडला, कोपर निखळलं. तो हात टीव्हीवर बघून तू उठून बाहेर गेलास, आठवतंय? २०१३ ला परत गुडघा. आणि ४ मार्च २०१४ ला पत्रकारांसमोर बसून म्हणाला की मोठ्या ऑपरेशन्सनंतर मला जी पातळी पाहिजे ती गाठणं जड जातंय, सीझन संपला की मी जातो. कॉन्ट्रॅक्ट २०१६ पर्यंतचं होतं, दोन वर्षं शिल्लक. दोनच दिवस आधी अल्मेरियाविरुद्ध गोल मारला होता त्याने. ती त्याची शेवटची मॅच. ३५ वर्षांचा होता. तू सव्वीसचा आहेस रे.

तो ऑपरेशनला टेबलावर झोपला, बरा झाला, मग मैदानात आला. तू मात्र फाटलेल्या लिगामेंटवर पट्टा आवळून, गोळी खाऊन खेळायला निघालायस. डॉक्टरांनी तुला फिल्म लाईटवर धरून दाखवली ना, गादीपण एका बाजूने गेलीय म्हणून? अजून एकदा पाय मुरगळला तर काय होईल तेही सांगितलं. आप्पांच्या पायाचं काय झालं ते घरात सगळ्यांनी बघितलंय. नऊ महिने म्हणजे एक सीझन. एकच.

परत लेक्चर झालं. माफ कर. तू मोठा आहेस, पगार तुझा, पाय पण तुझाच.

पण मला रिपोर्टच्या आधीच कळलं होतं. गणपतीला आलेलास तेव्हा तू जिना उतरत होतास, कठड्याला धरून, आडवा होऊन, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, आजी शेवटी शेवटी उतरायची तसा. मी खाली चपला शोधायच्या निमित्ताने वाकून राहिलो, तुला मी बघितलं असं वाटू नये म्हणून. तेव्हाच विचारायला पाहिजे होतं. मी भ्यालो.

पुयोलचे वडील २००६ ला कामावरच्या अपघातात गेले, तो तेव्हा कॅप्टन होता. त्याचा वर्ल्डकपचा गोल त्यांनी बघितला नाही. त्या रात्री गोधडीत मला हे माहीत नव्हतं, नंतर तूच सांगितलंस. परवापासून ते पण सारखं मनात येतंय, का ते कळत नाही. मला अजून तुझ्या लई मॅच बघायच्या आहेत, दोन्ही पायांवर पळताना.

फायनलला तालमीची पोरं मागे कुणाला तरी उभं करतीलच, तू बेंचवर बसून ओरड, तुझा आवाज त्यांना पुरतो. मी वस्तादांशी बोललोय, ते चिडलेले नाहीत. उलट मलाच म्हणाले, आधी का नाही सांगितलं.

एमआरआयची फिल्म तू इथेच विसरलायस, कपाटावर ठेवलीय, वाकू नये म्हणून आईनं खाली पाट दिलाय. शुक्रवारची डॉक्टरांची वेळ मी रद्द केलेली नाही. तू येतोस की मी फिल्म घेऊन पुण्याला येऊ, तिथल्या कुणा डॉक्टरला दाखवायची असेल तर तसं, एवढंच कळव. आणि जेवलास का ते आईला सांग, मला नाही सांगितलंस तरी चालेल.

पप्पा