पोथ्या-बाहुल्यांची निगा शिकवणाऱ्या ताईंना जाहीर आभार

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

चित्रकथी (चित्रं दाखवत कथा सांगण्याची कला), लाकडी कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्या सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपल्या. तिथले कलावंत परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा या कलेचा मान आणखी वाढला. पण कोकणच्या पावसात या वस्तू टिकवायच्या कशा, हे समजावून सांगणारं माणूस सहसा भेटत नाही. तुम्ही आमच्या संग्रहालयातल्या मंडळींना ते काम हाताला धरून शिकवलंत. ज्यांच्या माळ्यावर अशा पेट्या आहेत त्यांनाही उपयोग व्हावा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चामड्याची बाहुली प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायची नाही, हे तुमचं पहिलं सांगणं. दमट हवा आत कोंडते आणि बुरशी धरते. ती बुरशी ओल्या फडक्याने पुसली तर डाग रंगात उतरतो. म्हणून बाहुली आधी सावलीत, वाऱ्यावर पूर्ण सुकू द्यायची. मग नाकाला मास्क लावून मऊ ब्रशने बुरशी हलकेच झटकायची. वाकली असेल तरी ऊन किंवा इस्त्री नको. चामडं आकसलं की नक्षीची भोकं फाटतात. तेल तर लावूच नये, त्यावर धूळ चिकटते. आम्लरहित कागदाच्या दोन थरांत सपाट ठेवणं, एवढंच पुरे.

कळसूत्री बाहुल्यांखाली काळा कागद पसरायची युक्ती आम्हाला फार आवडली. त्यावर पिठासारखी ताजी भुकटी दिसली, की लाकूड पोखरणारा भुंगा आत जिवंत आहे असं समजायचं. कीड मारण्यासाठी न रंगवलेलं सूप, टोपली, इरलं हवाबंद पिशवीत घालून उणे २० अंशांवर आठवडाभर ठेवता येतं. बाहेर काढल्यावर मात्र पिशवी पूर्ण एक दिवस उघडायची नाही, नाहीतर गार वस्तूला पाणी सुटतं. रंगवलेल्या बाहुलीला ही थंडी सोसत नाही. लाकूड आकसतं आणि रंगाचे पापुद्रे निघतात. तिच्यातली कीड मारायला पिशवीत ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्या आणि तीन आठवडे. पिशवीही हवा न झिरपणाऱ्या खास फिल्मची हवी, साध्या पॉलिथिनमधून ऑक्सिजन आत येत राहतो.

बाहुलीच्या चेहऱ्यावरची दिव्याची काजळी तुम्ही पुसू दिली नाहीत, याबद्दल विशेष आभार. रात्र रात्र झालेल्या खेळांची ती खूण आहे, मळ नव्हे.

पोथीच्या, म्हणजे चित्रकथीतल्या एका कथेच्या चित्रसंचाच्या बाबतीत तुमचा आग्रह क्रमाचा होता. चित्रांचा क्रम चुकला तर कथा सांगणाऱ्याची वाट चुकते. म्हणून पेटीतून काढण्याआधीच क्रमाचे फोटो घ्यायचे आणि प्रत्येक चित्राच्या वेष्टनावर मऊ पेन्सिलीने आकडा टाकायचा; शाई दमट हवेत फुटते. फाटलेल्या कडेला चिकटपट्टी नको, लॅमिनेशन तर कधीच नको, कारण ते सोडवताना रंगही निघून येतो. मांडलेल्या चित्रावर उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं माप) आत ठेवायचा आणि तीन महिन्यांनी ते उतरवून दुसरं लावायचं.

नांगर, मुसळ, कणगी आता जमिनीवर न टेकता फळ्यांवर, भिंतीपासून चार बोटं लांब आहेत. तुम्ही दिलेला आम्लरहित कागद अजून दोन पोथ्यांना पुरेल. ते काम पावसाआधी उरकतो.

आपली,
संग्रहालयातली सर्व मंडळी