टॅगविना फाइल

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मार्चअखेरीस उरलेली तरतूद संपवण्यासाठी कार्यालयांत स्टेशनरीची जी एकगठ्ठा खरेदी होते, तिच्याविषयी थोडे लिहायचे आहे. बडोद्यात बत्तीस वर्षे मी आधी आवक-जावकचे व नंतर आस्थापनेचे टेबल सांभाळले, त्यामुळे हा विषय मला किरकोळ वाटत नाही.

गेल्या पावसाळ्यात वारसाईच्या नोंदीसाठी एका कार्यालयात जाणे झाले. माझ्या अर्जाची अकरा पाने टाचणीने अडकवलेली होती. टाचणीला गंज चढून पहिल्या पानावर तांबूस डाग उमटला होता आणि नेमका मृत्यूचा दाखला निखळून भलत्याच फाइलीत गेला होता. तो सापडेपर्यंत माझ्या चार खेपा झाल्या. टेबलावरच्या बाईंना मी दोष देणार नाही. त्यांच्याकडे कागदाला भोके पाडायचा पंच होता, पण तो बोथट झालेला. त्या भोकांत ओवून कागद बांधायच्या दोऱ्या, म्हणजे टॅग, संपून दोन महिने उलटले होते आणि मागणीपत्र वर गेले ते वरच राहिले होते.

पंचाच्या दोन छिद्रांमध्ये ८० मिलिमीटर अंतर असावे, असे आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. म्हणूनच एका कार्यालयात भोके पाडलेला कागद दुसऱ्या कार्यालयाच्या फाइलीत बिनबोभाट बसतो. नव्या कारकुनाला मी पहिल्याच दिवशी सांगत असे की, कागद मधोमध किंचित दुमडून कडेला खूण करा, ती पंचावरच्या खुणेशी जुळवा आणि मगच दाबा. एवढे केले नाही, तर पाने वरखाली होतात, बाहेर आलेल्या कडा फाटतात आणि वर्षभराने त्या फाइलीला हात लावायची कोणाची इच्छा होत नाही. स्टेपलरचेही तेच. दहा नंबरची पिन जेमतेम पंधरा-वीस कागद धरते, पण स्वस्त म्हणून सगळीकडे तोच लहान स्टेपलर घेतला जातो आणि चाळीस पानांच्या प्रस्तावावर हाताचा ठोसा मारून पिना वाकवल्या जातात. (पातळ कागद पावसाळ्यात प्रिंटरमध्ये अडकतो, हे तर वेगळे सांगायला नकोच.)

वस्तू घेताना ती वापरणाऱ्याचा विचार करण्याची रीत या शहराला नवी नाही. मांडवीजवळच्या आपल्या मध्यवर्ती ग्रंथालयात पुस्तकांच्या लोखंडी मांडण्यांमधले मजले काचेचे आहेत, ते वरचा उजेड खालच्या मजल्यापर्यंत पोहोचावा म्हणून. पुस्तक शोधणाऱ्या माणसाची सोय बांधतानाच पाहिली गेली होती. आज आपण लाखाचे संगणक घेतो आणि टॅगच्या जुडीसाठी सर्वांत कमी दर शोधतो.

वर्षाची खरेदी एकदम करण्याऐवजी ती दर तिमाहीला व्हावी आणि दर मंजूर करण्यापूर्वी पंच, स्टेपलर व कागद यांचा नमुना आठ दिवस आवक-जावकच्या टेबलावर वापरून पाहावा. त्या टेबलाचा अभिप्राय खरेदीच्या नोटशीटवर घेतल्याशिवाय बिल मंजूर होऊ नये, अशी संबंधितांना विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त हेडक्लार्क
दांडिया बाजार, बडोदे