नफ्याच्या आकड्याशेजारी रोख्यांचा बाजारभावही छापा

संपादक महोदय,

तिमाही निकालांचा हंगाम आला की अर्थपानावर ठरलेली बातमी येते. अमुक बँकेचा निव्वळ नफा इतक्या टक्क्यांनी वाढला, ढोबळ थकीत कर्जे इतकी उतरली. थकीत कर्जांचा आकडा शोधण्याची सवय सामान्य वाचकाला लागली, त्याचे बरेचसे श्रेय वृत्तपत्रांचेच आहे. पण ताळेबंदात कर्जांखालोखाल मोठी रक्कम गुंतवणुकीची असते. एसएलआरपोटीच, म्हणजे कायद्याने राखायच्या वैधानिक तरलता प्रमाणापोटी, बँकेला मागणी व मुदत देण्यांच्या (मुख्यतः ठेवींच्या) 18 टक्के रक्कम मुख्यतः सरकारी रोख्यांत ठेवावी लागते, शिवाय कंपन्यांचे कर्जरोखे, शेअर्स, सिक्युरिटी रिसीट (विकलेल्या थकीत कर्जांच्या बदल्यात मिळालेल्या पावत्या) वेगळ्या. या गुंतवणुकीचे मोल कसे ठरवले, याबद्दल निकालाच्या बातमीत सहसा एक ओळही नसते. ती असावी, एवढ्यासाठी हे पत्र.

आधी एक हिशोब मांडतो. दहा वर्षे मुदत उरलेला, 7 टक्के कूपनचा (दर्शनी किमतीवरच्या ठरलेल्या व्याजाचा), सहामाही व्याज देणारा सरकारी रोखा घ्या. बाजारात यील्ड, म्हणजे आजच्या भावाने रोखा घेतल्यास मिळणारा वार्षिक परतावा, 7 टक्के असेल तर त्याचा भाव 100 रुपये. यील्ड 7.50 झाले की तोच रोखा 96 रुपये 53 पैशांवर येतो आणि 8 टक्के झाले की 93 रुपये 20 पैशांवर. बँकेकडे असे 500 कोटी रुपये दर्शनी किमतीचे रोखे असतील, तर अर्धा टक्का यील्ड वाढल्याने 17 कोटी 37 लाख रुपयांची घट होते. मुदत दोनच वर्षे उरली असती, तर घट शंभरामागे 91 पैशांत भागली असती. यात सरकार व्याज बुडवेल की काय हा प्रश्नच नाही. पत पहिल्या दर्जाची असूनही मोल उतरते, आणि किती उतरते ते मुख्यतः उरलेल्या मुदतीवर ठरते.

आता ही घट हिशोबात कुठे दिसते? ते रोखा कुठल्या वर्गात ठेवला आहे यावर अवलंबून. रिझर्व्ह बँकेचे सप्टेंबर 2023 चे निर्देश व्यापारी बँकांना 1 एप्रिल 2024 पासून लागू झाले. त्यांनुसार एचटीएम, म्हणजे मुदतपूर्तीपर्यंत धरायच्या रोख्यांवर बाजारभावाचा परिणाम हिशोबात येत नाही. खरेदी किंमत आणि दर्शनी किंमत यांतला फरक उरलेल्या मुदतीवर वाटून टाकायचा, एवढेच. एएफएस, म्हणजे गरज पडल्यास विकता येणाऱ्या वर्गातील रोख्यांचे मोल किमान दर तिमाहीला बाजारभावाने काढायचे. तिथली वाढ-घट नफा-तोट्यात न जाता एएफएस राखीव निधीत जाते, म्हणजे नफ्याला धक्का लागत नाही पण भांडवल हलते. तिसरा वर्ग एफव्हीटीपीएल. त्यातली वाढ-घट थेट नफा-तोटा पत्रकात उतरते, आणि त्याच वर्गातल्या एचएफटी या खरेदी-विक्रीच्या उपवर्गाचे मोल रोजच्या रोज काढावे लागते.

म्हणजे वर सांगितलेला तोच रोखा, तीच 17 कोटींची घट, आणि निकालाच्या बातमीत तीन वेगवेगळी चित्रे. एका बँकेचा नफा 17 कोटींनी घटलेला दिसेल, दुसरीचा नफा जिथल्या तिथे पण राखीव निधी उतरलेला, तिसरीच्या ताळेबंदावर ओरखडाही नाही. वाचक तिन्ही बँकांचे नफ्याचे आकडे एकाच ओळीत ठेवून तुलना करतो. ही तुलना अपुरी आहे.

एचटीएममधली घट खोटी असते असे नाही. रोखा खरोखर मुदतीपर्यंत धरला तर पैसे पूर्ण मिळतात, हे मान्य. पण ठेवीदार रांगेत उभे राहिले तर तो धरता येत नाही. अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली बँकेचे 2022 अखेरचे ताळेबंद पाहावे. मुदतीपर्यंत धरायचे रोखे सुमारे 91 अब्ज डॉलर, आणि त्याच ओळीत कंसात त्यांचे बाजारमोल, सुमारे 76 अब्ज डॉलर. पंधरा अब्जांची ही दरी बँकेच्या जवळपास सगळ्या भांडवलाएवढी होती. 8 मार्च 2023 रोजी बँकेने दुसऱ्या वर्गातले 21 अब्ज डॉलरचे रोखे विकून 1.8 अब्ज डॉलरचा तोटा जाहीर केला, ठेवीदारांचा धीर सुटला आणि 10 मार्चला बँक बंद झाली. आकडा लपवलेला नव्हता. तो छापील होता, फक्त बातम्यांत फारसा आला नव्हता.

आपल्याकडे एचटीएमवर काही लगाम आहेत. वर्षभरात त्या वर्गाच्या आरंभीच्या पुस्तकी मोलाच्या 5 टक्क्यांपेक्षा जास्त विक्री करायची तर रिझर्व्ह बँकेची पूर्वपरवानगी लागते. एका वर्गातून दुसऱ्या वर्गात रोखे हलवायचे तर संचालक मंडळाची आणि रिझर्व्ह बँकेची, दोघांची संमती हवी. पण या 5 टक्क्यांतही फायद्यातले रोखे तेवढे वेचून विकता येतात आणि तोट्यातले मूळ किमतीला वहीत राहतात. म्हणूनच अशा विक्रीचा नफा, कर आणि वैधानिक राखीव वजा जाता, भांडवली राखीव निधीत टाकण्याची अट आहे. ट्रेझरीचा, म्हणजे रोख्यांची खरेदी-विक्री करणाऱ्या विभागाचा नफा फुगलेला दिसला की तो कुठल्या वर्गातून आला, हे विचारण्याचे कारण तेच. फेब्रुवारी ते जून 2025 या काळात रेपो दर 6.50 वरून 5.50 टक्क्यांवर आला. दर उतरले की रोख्यांचे भाव चढतात, त्यामुळे तेव्हा हा प्रश्न प्रत्येक निकालाला विचारण्याजोगा होता.

आता बाजारभाव म्हणजे नेमका कुणाचा भाव, याकडे वळतो. इथे खरा कस लागतो. सरकारी रोख्यांचे भाव एफबीआयएल ही संस्था रोज जाहीर करते. मार्च 2018 अखेरपर्यंत हे काम फिमडा ही रोखे बाजारातील संस्थांची संघटना करत असे. पण रोज भरपूर उलाढाल होते ती मोजक्याच रोख्यांत. बाकीच्यांचे भाव एनडीएस-ओएम या रिझर्व्ह बँकेच्या रोखे-व्यवहार मंचावर झालेल्या व्यवहारांवरून यील्डचा वक्र (मुदतीनुसार यील्ड दाखवणारी रेषा) बसवून काढलेले असतात. कंपन्यांच्या कर्जरोख्यांत तर कित्येक रोखे महिनोन्महिने हातही बदलत नाहीत. म्हणून मोलाच्या तीन लेव्हल केल्या आहेत. चालत्या बाजारातला भाव ती लेव्हल 1. प्रत्यक्ष दिसणाऱ्या दरांवरून काढलेले मोल लेव्हल 2. आणि ज्यात मुख्य आकडा बँकेच्या स्वतःच्या अंदाजाचा आहे ते लेव्हल 3.

व्यवहार न होणाऱ्या कर्जरोख्याचे मोल 31 मार्चला कसे काढतात? उरलेली मुदत मोजायची, समजा 5 वर्षे 4 महिने. सरकारी वक्रावर पाच आणि सहा वर्षांच्या मधले यील्ड प्रमाणाने काढायचे. त्यात त्या पतमानांकनाचा आणि त्या गटाचा स्प्रेड, म्हणजे सरकारी यील्डवरचा जादा दर, मिळवायचा. सार्वजनिक उपक्रम व बँका, बिगरबँक वित्त कंपन्या आणि इतर कंपन्या यांचे तक्ते वेगळे असतात. त्या एकूण दराने पुढची सगळी व्याजे आणि मुद्दल आजच्या किमतीला आणायचे आणि साचलेले व्याज वजा करायचे. मूल्यांकनाच्या आधीच्या 15 दिवसांत व्यवहार झाला असेल, तर त्या भावापेक्षा जास्त मोल धरता येत नाही.

चुका या साध्या दिसणाऱ्या पायऱ्यांवरच होतात. पहिली चूक जुन्या मानांकनाची. खरेदीच्या वेळचे मानांकन संगणकात तसेच राहते, मधल्या काळात ते उतरलेले असते. पाच वर्षांचा, 8 टक्के वार्षिक व्याजाचा रोखा 8 टक्के दराने 100 रुपयांचा. मानांकन घसरून स्प्रेड दीड टक्क्याने वाढला की दर 9.50 होतो आणि मोल 94 रुपये 24 पैसे. पन्नास कोटींच्या रोख्यावर 2 कोटी 88 लाखांची घट एका न बदललेल्या नोंदीमुळे दडून राहते. दुसरी चूक वित्त कंपनीच्या रोख्याला सार्वजनिक उपक्रमाचा स्प्रेड लावण्याची. तो कमी असतो, म्हणून मोल जास्त येते. तिसरी साचलेल्या व्याजाची, आणि ती सर्वांत जास्त फसवते. समजा रोख्याचा शुद्ध (साचलेले व्याज वगळून) भाव 96.53 आहे आणि मागचे व्याज मिळून तीन महिने झालेत. 7 टक्क्यांनी 1 रुपया 75 पैसे साचले. व्याजासकट 98.28 हा भाव धरला तर घट 3.47 ऐवजी 1.72 दिसते, म्हणजे निम्मीच. शिवाय ते पावणेदोन रुपये येणे व्याज म्हणून उत्पन्नात आधीच धरलेले असतात. एकच पैसा दोनदा मोजला जातो.

मानांकनच नसलेल्या रोख्याला, तशाच मुदतीच्या मानांकित रोख्यापेक्षा कमी दर लावता येत नाही. नोंदणी नसलेल्या शेअर्सचे मोल पुस्तकी मोलाने, म्हणजे भांडवल अधिक राखीव निधी भागिले शेअर्सची संख्या, असे काढतात. जमीन-इमारतीचे पुनर्मूल्यांकन करून फुगवलेला निधी त्यात धरायचा नाही. आणि कंपनीचे लेखापरीक्षित ताळेबंद 18 महिन्यांहून जुने असेल, तर त्या कंपनीतील सगळ्या शेअर्सचे मिळून मोल 1 रुपया. हा नियम कठोर वाटतो, पण योग्य आहे, कारण जी कंपनी दीड वर्ष ताळेबंद देत नाही तिच्याबद्दल अंदाज बांधण्याची मुभा बँकेला नसावी. सिक्युरिटी रिसीटचे मोल थकीत कर्जे विकत घेणाऱ्या मालमत्ता पुनर्रचना कंपनीने जाहीर केलेल्या एनएव्हीवर, म्हणजे प्रति रिसीट निव्वळ मोलावर ठरते. मात्र कर्ज विकणाऱ्या बँकेनेच त्यातल्या 10 टक्क्यांहून जास्त रिसीट स्वतःकडे ठेवल्या असतील, तर ते कर्ज वहीतच राहिले असते तर जेवढी तरतूद लागली असती तिचाही हिशोब धरावा लागतो.

लेव्हल 3 मधला न वसूल झालेला नफा नफा-तोट्यात दाखवला, तरी त्यातून लाभांश वाटता येत नाही आणि तो सीईटी 1, म्हणजे बँकेच्या सर्वांत पक्क्या भांडवलातून वजा करावा लागतो. ज्या नफ्यावर लाभांश देण्यास नियामक मनाई करतो, तो बातमीतल्या वाढीच्या टक्केवारीत मात्र बिनबोभाट मिसळलेला असतो. हे मला पटत नाही, आणि यात बदल करणे वृत्तपत्रांच्या हातात आहे. व्यापारी बँकांच्या वार्षिक अहवालात परिशिष्ट 8 मध्ये गुंतवणूक आणि परिशिष्ट 18 मधील टिपांत मोलाची लेव्हलनिहाय विभागणी मिळते. वर्षाच्या निकालाच्या बातमीखाली तीन आकड्यांची छोटी चौकट पुरेल: एचटीएमचे पुस्तकी मोल व बाजारमोल, एएफएस राखीव निधीची शिल्लक, आणि लेव्हल 3 ची रक्कम.

नागरी सहकारी बँकांचे निर्देश वेगळे आहेत, आणि अशा बँका देशात सर्वांत जास्त महाराष्ट्रातच असल्याने हे आपल्या वाचकांच्या अधिक जवळचे. तिथे एचटीएम, एएफएस आणि एचएफटी अशी जुनी रचना आहे. एएफएसमध्ये प्रत्येक रोख्याचे मोल वेगळे काढून गटवार बेरीज करतात. सरकारी रोख्यांच्या गटात एकावर 2 कोटींची वाढ आणि दुसऱ्यावर 3 कोटींची घट असेल तर 1 कोटीची तरतूद करायची. उलट निव्वळ वाढ निघाली तर ती सोडून द्यायची. एका गटातली वाढ दुसऱ्या गटातल्या घटीतून वजा करता येत नाही, इथे हिशोब हमखास चुकतो. एएफएसमधून एचटीएममध्ये रोखे वर्षातून एकदाच, संचालक मंडळाच्या मंजुरीने हलवता येतात, आणि तेही खरेदी किंमत, पुस्तकी किंमत व त्या दिवसाचा बाजारभाव यांपैकी सर्वांत कमी मोलाने. व्याजदर चढल्यावर तोट्यातले रोखे मूळ किमतीला एचटीएममध्ये सरकवले, तर तो नियमभंग आहे. याशिवाय एएफएस व एचएफटीतील गुंतवणुकीच्या किमान 5 टक्के इतका गुंतवणूक चढउतार निधी बांधायचा असतो.

सहकारी बँकांच्या वार्षिक सभा 30 सप्टेंबरपर्यंत होतात आणि सभासदांनी लेखी प्रश्न कधीपर्यंत द्यावेत ते सभेच्या नोटिशीत छापलेले असते. या वर्षी प्रश्न पाठवणाऱ्या सभासदांनी तीन गोष्टी विचाराव्यात: 31 मार्चला एचटीएममधील रोख्यांचा एफबीआयएलच्या भावाने हिशोब केल्यास किती घट निघते, वर्षात कोणते रोखे कोणत्या तारखेला आणि कोणत्या मोलाने वर्ग बदलून हलवले, आणि चढउतार निधी 5 टक्क्यांना पोहोचला आहे का.

आपला,
एक वाचक, पुणे