घरच्या दुकानातील उमेदवारी

महोदय,
नोकरी सोडून थेट फराळाच्या व्यवसायात उतरणाऱ्यांचे कौतुक होते. घरच्याच दुकानात आधी उमेदवारी करणाऱ्यांची दखल मात्र क्वचितच घेतली जाते. मी काकांच्या फरसाणाच्या दुकानात नऊ वर्षे काम करून मग स्वतःचा व्यवसाय थाटला. पिठाची गोळी कढईत सोडून ती किती वेळात वर येते यावरून तेल ओळखायचे, बुडबुडे ओसरले की चकली काढायची, दिवाळीआधी डाळी किती भरायच्या आणि उधारीला नाही कसे म्हणायचे, हे सारे तिथेच शिकलो (उधारीचे अजूनही नीट जमत नाही).

अडचण आली ती कर्ज मागताना. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राने २०२० मध्ये सुरू केलेल्या योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदानाची तरतूद आहे. पण ते बँककर्जाशी जोडलेले आहे. बँकेने अनुभवाचा व उत्पन्नाचा पुरावा मागितला, तेव्हा माझ्याकडे ना पगारपत्रक होते ना खात्यावर नोंद, कारण ‘घरच्याला कसला पगार’ या न्यायाने मला सणासुदीला हातखर्च तेवढा मिळे. दुकानात राबणाऱ्या मुला-सुनांचा, पुतण्यांचा पगार कुटुंबांनी दरमहा खात्यातच जमा करावा आणि बँकांनीही अशा उमेदवारीचा अनुभव ग्राह्य धरावा, ही विनंती.

— एक फरसाण व्यावसायिक, सांगली