तिकिटावर न दिसणारी बाजू

उट्रेख्त

ती. अण्णांस,
साष्टांग नमस्कार.

सोबत नेदरलँड्सचं १९८१ सालचं टपाल तिकीट आहे. युरोपातले देश एकाच विषयावर तिकिटं काढतात, त्या युरोपा मालिकेचा विषय त्या वर्षी लोकपरंपरा होता, आणि इथे रस्त्यावरचं ऑर्गन, म्हणजे चाक फिरवून वाजवायचं नळ्यांचं वाद्य, निवडलं गेलं. अशा तिकिटांवर बहुधा दर्शनी भागच असतो: कोरीव काम, रंग, बाहुल्या. संगीत तयार होतं ते मागे.

मागचं मोठं चाक फिरवलं की भाते हवा भरतात आणि त्याच वेळी पुठ्ठ्याचं घडीचं पुस्तक पुढे सरकतं. हात जरा मंदावला तर लय मंदावते, सूर उतरत नाही; साठ्याचा भाता दाब सांभाळतो. फारच मंदावला तर मात्र दाब पडतो आणि सूरही.

पुस्तकात भोकं असतात. खाली स्प्रिंगवर धातूच्या कळा. भोक आलं की कळ वर उठते, झडप उघडते, नळी वाजते. भोक जितकं लांब, तितका स्वर लांब. पूर्वी खिळे ठोकलेला लाकडी दंडगोल असे, त्यावर मोजक्याच चाली मावत. पॅरिसच्या गाव्हिओली या ऑर्गन बनवणाऱ्यांनी १८९२ मध्ये पुस्तकाच्या पद्धतीचं पेटंट घेतलं, मग पुस्तक बदललं की चाल बदलली.

तुम्हाला आवडेल ती गोष्ट इथल्या ब्रेडा शहरातल्या, ऑर्गन बनवणाऱ्या कार्ल फ्राय यांची. १९२० च्या दशकातल्या त्यांच्या ऑर्गनांत एका स्वराच्या दोन नळ्या किंचित फरकानं लावलेल्या असतात, त्यातून लहर उठते. पेटीत दोन रीड अशा लागल्या तर तुम्ही लगेच जुळवाल. इथे तो फरक मुद्दाम राखतात, आणि या ऑर्गनांचा खरा गोडवा त्यातच आहे.

मोठा शत्रू म्हणजे दमट हवा. पुठ्ठ्याला लाखेचं रोगण देतात, तरी तो फुगला की पुस्तक अडकतं आणि घड्या फाटतात. कळ वरच अडकली तर तो स्वर थांबतच नाही. झडपांचं चामडं जुनं होऊन तडकलं की हवा गळते, स्वर उशिरा लागतो.

तिकिटाचा डिंक शाबूत आहे. चिमट्यानंच धरा. पावसाळ्यात ते पानाला चिकटेल, तेव्हा अल्बम उभा ठेवा, वर वजन नको, आणि कोरड्या दिवशी पानं उघडून हवा द्या.

आईला नमस्कार.

आपली,
सुनंदा